सामनेवाली क्रमांक तीन

माझं नाव अयोध्या. धाराशिवकडच्या वाशीत जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते आणि उभ्या आयुष्यात मी कुणाला साधा चिमटाही काढलेला नाही. पोरांचे कान पिळणं चिमट्यात धरत नाहीत. तरीही धाराशिवच्या कौटुंबिक न्यायालयात मी सामनेवाली क्रमांक तीन आहे. क्रमांक एक माझा धाकटा भाऊ शंभू, क्रमांक दोन आमची आई धुरपताबाई. "सामनेवाली क्रमांक तीन हिने भर कार्यक्रमात आरडाओरडा करून व अंगावर धावून जाऊन असभ्य वर्तन केले," असं टाईप केलेला कागद मला शाळेत मिळाला, तोही परिपाठाच्या वेळी. हेडमास्तरांनी तो वाचला आणि न वाचल्यासारखं केलं. मला इतका संताप आला, की त्या दिवशी पाढे मीच म्हटले आणि पोरं ऐकत बसली.

आरडाओरडा म्हणे! अहो, आमच्या घराण्यात सगळ्यांचा आवाजच तेवढा आहे. नळदुर्गला हायवेला लागून घर. दारावरून रात्रंदिवस ट्रक जातात. हळू बोललं तर मीठ मागितल्यावर गूळ येतो.

झालं ते एवढंच. शंभूची बायको हर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अणदूरला गेली होती. दोन गावांत अंतर म्हणाल तर चहा गार होईस्तोवर पोचावं इतकं. मुलगी झाली. बारसं अणदूरलाच धरलं. आता बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं आणि त्याच वेळी मागच्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, ही आपल्याकडची रीत. नाव निवडायचा मानही आत्याचाच. पण हर्षालीची आई लक्ष्मीबाई, तिच्या मनात आपल्या आईचं नाव होतं, श्रीदेवी. "तेवढं श्रीदेवी म्हणा," असं तिनं मला पाळण्याशी हळूच सांगितलं. म्हणजे तिच्या मानानं हळूच. चार घरांना ऐकू गेलं.

मी पाळण्यात वाकले. त्या लेकराचा तो इवलासा कान बघितला आणि माझ्या मनात महिनाभर घोळत असलेलं नाव तोंडातून आलं. राजनंदिनी. कुर्रर्र.

पाठीत बुक्क्या पडल्या. पाचसहा बायकांच्या नेहमीसारख्या, हसत घातलेल्या. सातवी मात्र तशी नव्हती. ती बुक्की मानाची नव्हती, मनातली होती. मी कळवळून वळले तर समोर लक्ष्मीबाई. मी म्हणाले, "बारसं घालताय का मसाला कुटताय?" ती म्हणाली, "आमच्या लेकीनं नऊ महिने वागवलं, आन् नाव तुमी आयतं ठिवणार व्हय?" मी एक पाऊल पुढं टाकलं, त्याला म्हणायचं अंगावर धावून जाणं. माझ्या कोपराचा धक्का लागून घुगऱ्यांचं ताट उडालं आणि हरभरे सगळ्या पंगतीभर झाले. मग आई उठली, मग लक्ष्मीबाईच्या दोन जावा उठल्या आणि कोण काय बोललं ते आता खंडोबालाच माहीत. आम्ही जेवण न करता निघून आलो. शंभू मागं वळून वळून बघत होता.

मग सुरू झाली मानाची ओढाताण. आई म्हणायची, "माझ्या लेकीला मारलं. त्यांनी सुनंला हितं आणून सोडावं, तवा बोलू." लक्ष्मीबाई म्हणायची, "आमच्या दारात येऊन इज्जतीनं न्या, तवा धाडू." हर्षालीचे वडील ती लहान असतानाच गेलेले. लक्ष्मीबाईनं भाजीच्या टोपलीवर तिला वाढवलेली. त्यामुळं हर्षाली आईचा शब्द मोडून निघायची नाही आणि शंभू तर आमच्या आईसमोर जांभई द्यायलाही परवानगी मागतो. पोरगी पालथी पडायला लागली, बसायला लागली, आणि आम्ही ते फोनमधल्या फोटोत बघत राहिलो. आमच्या बलभीममामाला कोर्टाची भारी हौस. त्यानं शंभूकडून बायकोनं नांदायला यावं असा अर्ज करवला. तिकडून हर्षालीचा मावसभाऊ कृष्णराज पनवेलला नोकरीला आहे, त्यानं तिथल्याच एका ओळखीच्या वकिलाकडून उलटा अर्ज लिहून घेतला. त्यात सासूच्या आणि नणंदेच्या गैरवर्तनाची पानंच्या पानं आणि शेवटी मागणी, की सामनेवाली क्रमांक तीन हिला बाळाच्या जवळपास फिरकू देऊ नये.

ही मागणी वाचून मी रडले. दुसऱ्या कशानं नाही रडले. मला मूलबाळ नाही, आणि त्या लेकराला नाव दिल्यापासून मी मनातल्या मनात रोज तिला हाक मारत होते. कोर्टानं हे मान्य केलं तर ती शाळेत जाईल, मोठी होईल, आणि मी रस्त्याच्या पलीकडं उभी राहायचं. एक नाव ठेवल्याची एवढी शिक्षा?

तारखेच्या दिवशी आम्ही धाराशिवला पोचलो, तर न्यायालयाच्या ओसरीत एकच बाक मोकळा आणि त्याच्या अर्ध्यावर लक्ष्मीबाई बसलेली. आई दुसऱ्या टोकाला बसली. मधल्या जागेत लक्ष्मीबाईनं पिशवी ठेवली. आईनं त्या पिशवीवर आपली पिशवी ठेवली.

"इहीणबाई, माझ्या पिशवीत पोरीचं दूध हाय."

"मंग माझ्या पिशवीत काय दगडं हायत का? पोरीचं झबलं हाय, म्या शिवलेलं."

"झबल्याला दुधाच्या डोक्यावर बसायची काय गरज?"

एवढ्यात शिपायानं नावं पुकारली. शंभू जागेवर नाही. हर्षाली जागेवर नाही. दोन्हीकडचे वकील इकडं तिकडं पळाले. तेव्हा समोरच्या कँटीनमधून दोघंही येताना दिसली. शंभूच्या खांद्यावर पोरगी होती आणि हर्षालीच्या ओठावर चहाच्या मिशा होत्या. एकमेकांविरुद्ध खटला चालवणारी ही दोघं एका कपातला चहा बशीत ओतून पीत बसली होती. मी कपाळाला हात लावला. खरं सांगते, आतून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

न्यायाधीश मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर आलेला. त्यांनी अर्ज चाळला आणि विचारायच्या आतच दोन्ही आया एकदम बोलायला लागल्या. शिपाई ओरडला, "शांत बसा!" सगळं न्यायालय चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत आमच्या पोरीनं ओठ काढला आणि असा भोंगा पसरला की खिडकीवरचं कबुतर उडालं.

"अगं माझी सोन्याची!" लक्ष्मीबाई गरजली.

"काय झालं गं माझ्या वाघिणीला!" आई गरजली.

पोरगी लगेच गप्प. बोट तोंडात घालून मजेत बघायला लागली. मॅडमनी दोघींना हातानं थांबवलं. पुन्हा शांतता, पुन्हा भोंगा. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता दंड होणार.

त्या म्हणाल्या, "बायांनो, नीट ऐका. मोठा आवाज म्हणजे या न्यायालयात गैरवर्तन होत नाही. तसं असतं तर अर्ध्या जिल्ह्यावर मला हुकूम काढावा लागला असता. भांडण, हट्ट, फुगून बसणं, हेही घराघरात असतं. मी एकच बघते. एकाच्या वागण्यानं दुसऱ्याला त्या घरात राहायची भीती वाटते का? मार आहे का, धाक आहे का, रोजचा अपमान आहे का? असेल तर मी कुणाची आई, कुणाची बहीण बघत नाही." मग त्यांनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "आणि या अर्जात एक गोष्ट फार गंभीर लिहिली आहे. आधी समुपदेशकांकडे जा. मला आजच अहवाल पाहिजे."

फार गंभीर गोष्ट! आम्ही एकमेकींकडं बघितलं. शंभूचा रंग उतरला.

समुपदेशक बाई कणकवलीच्या. बदली होऊन नुकत्याच आल्या होत्या. खोलीत गोल टेबल, कोपऱ्यात खेळण्यांचा डबा. वकिलांना त्यांनी बाहेरच ठेवलं. सगळ्यांना बसवलं, पोरीच्या हातात लाकडी हत्ती दिला आणि अर्ज उघडला. आवाज अगदी मऊ होता, पण बोटं घट्ट मिटली होती.

"धुरपताबाई, मी वाचते. खरं असेल तर खरं म्हणा. 'गरोदरपणात सासू ही अर्जदारास दररोज सकाळी उठल्याबरोबर धपाटे देत असे.' हे खरं आहे?"

आईनं पदर सावरला. "व्हय की. खरं हाय."

बाईंनी श्वास घेतला. "दररोज?"

"दररोज म्हंजे सोमवार सोडून. सोमवारी तिचा उपास."

"'अर्जदार पुरे म्हणत असतानाही सासू आग्रहाने आणखी एक धपाटा देत असे.'"

"मंग? दोनावर कोण सोडतंय? म्या तर म्हणायची, घे गं, आजून एक घे."

"अहो, ती गरोदर होती!"

"म्हणून तर! येरवी म्या एवढी सकाळी उठंन का? पोटातल्या लेकराला लागतंय."

"लेकराला लागतंय हे माहीत असून?" बाईंचा मऊ आवाज कुठल्या कुठं गेला.

"माहीत असून म्हंजे? त्येच्यासाठीच तर! आन् गार न्हाय द्यायची म्या. तव्यावरनं काढला की तसाच, गरम गरम."

बाईंच्या हातातला पेन खाली पडला. "तव्यावरून?"

तेव्हा लक्ष्मीबाईच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं तिला ठसका लागला. तिनं तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले आणि मग ती टेबलावर हात आपटून अशी हसली की पोरीनं हत्ती टाकून टाळ्या वाजवल्या. मला उशिरा उजेड पडला. शंभूला त्याहून उशिरा. आई मात्र सगळ्यांकडं रागानं बघत होती. तिला यात हसण्यासारखं काय ते कळेना.

मी बाईंना समजावलं. आमच्याकडं धपाटे खातात. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, लसूण, मिरची, तीळ, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे आणि दह्याशी खायचे. पाठीत घालतात तेही धपाटेच, पण त्यांना दही लागत नाही.

"आमच्याकडे एकच प्रकार," बाई कशाबशा म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी हर्षालीला विचारलं, "पण हे अर्जात आलं कसं?"

हर्षाली तोवर खाली मान घालून बसली होती. लाजेनं लाल झाली होती. "पनवेलच्या वकिलांनी फोनवर इचारलं, सासू कशी वागायची, काय करायची, सगळं सांगा. म्या खरं ते सांगितलं. मामी पहाटं उठून माझ्यासाठी धपाटे करत्यात, म्या पुरं म्हणलं तरी आजून एक वाढत्यात. ते वकील म्हणले, अरेरे. मला वाटलं, त्यांना कुणी करून घालत नसंल." सासूला ती मामी म्हणते. तिनं आईकडं बघितलं. "मामी, वाईट सांगायला म्या लई आठवलं. खरंच आठवलं. पर काय सापडंना."

आईनं पदरानं आधी डोळे पुसले, मग नाक. मग लक्ष्मीबाईकडं वळून म्हणाली, "इहीणबाई, तुमची लेक येडी हाय."

"तुमच्या घरी येऊन झाली," लक्ष्मीबाई म्हणाली. "आमच्याकडं हुती तवा शाणी हुती."

"मंग येडीला येडीच्या घरी धाडून द्या."

"दारात येऊन न्या की. म्या कुठं अडिवलंय?"

झालं, गाडी पुन्हा तिथंच येऊन अडली. शंभूनं डोळे मिटले. पण आईचं डोकं अशा वेळी फार झटपट चालतं. ती म्हणाली, "हे धाराशिव हाय. हितं ना तुमचं दार, ना माझं दार. आमी आज हितं न्यायलाच आलो हाओत. तुमी कशाला आलाव?"

लक्ष्मीबाईनं क्षणभर विचार केला. "आमी? आमी सोडायलाच आलो हाओत."

"मंग बरुबर भेट झाली म्हणायची."

समुपदेशक बाई भराभरा लिहायला लागल्या. शंभूनं हर्षालीच्या हातावर हात ठेवला आणि आईसमोर ठेवलाय हे लक्षात येऊनही काढला नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

पण माझं अजून राहिलं होतं. बाईंनी शेवटचं पान उघडलं. "सासूबाईंचं झालं. आता ही शेवटची मागणी. आत्यानं बाळाच्या जवळ येऊ नये. ही ठेवायची की काढायची?"

खोलीत एकदम गारठा पसरला. लक्ष्मीबाईनं हसू गिळलं. "ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "धपाट्याचं वायलं, नावाचं वायलं. म्या हात जोडून सांगितलं हुतं हिला. माझ्या आईचं नाव. हिनं ऐकलं न्हाय."

मी बोलायला तोंड उघडलं. माझा मान, माझी रीत, तुमची ती सातवी बुक्की, सगळं ओठावर होतं. पण हर्षाली उठली, तिनं पोरगी उचलली आणि सरळ माझ्या मांडीवर आणून ठेवली. बारशानंतर मी तिला पहिल्यांदा हात लावत होते. किती जड झाली होती! डोक्याला खोबरेल तेलाचा वास. तिनं मला ओळखलं नाही, ओळखणार तरी कशी? ती आजीकडं हात करून कुरकुरायला लागली. अंग वळवायला लागली. आता हिला मी काय म्हणू? बाळ म्हणू? सोनू म्हणू? आठ महिने अणदूरला तिला श्रीदेवीच म्हणत असणार. माझ्या तोंडचं नाव तिला परक्या बाईच्या तोंडचा आवाज वाटेल आणि ती रडेल, मग इथं सगळ्यांसमोर निकाल लागेल. मला खरंच भीती वाटली. मॅडमनी सांगितलेली ती भीती, ती त्या खोलीत मला एकटीलाच होती.

तरी मी म्हणाले. दुसरं नाव माझ्या जिभेवरच आलं नाही. "राजनंदिनी."

पोरगी थांबली. मान वळवली. सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दोन दात दाखवून हसली.

मी पुन्हा म्हणाले. ती पुन्हा हसली आणि हुंकार दिला, हजेरी दिल्यासारखा. शंभू म्हणाला, "हिला म्हाईत हाय!" आईनं हर्षालीकडं बघितलं. हर्षालीनं मान हलवली आणि हळूच आपल्या आईकडं बोट केलं.

"म्या न्हाय शिकिवलं," ती म्हणाली. "आईच म्हणती. रोज निजवताना. तिला वाटायचं म्या निजलीय, म्हणून म्हणायची, आन् म्या ऐकायची."

लक्ष्मीबाई उठून उभी राहिली. पकडल्या गेलेल्या माणसाचा राग फार मोठा असतो. "मंग काय करू?" ती अशी कडाडली की ओसरीतला शिपाई डोकावून गेला. "आत्यानं एकदा कानात टाकलेलं नाव, ते काय धुऊन निघतंय व्हय? आईचं नाव घेऊन बघितलं म्या. लई बघितलं. ही वळायचीच न्हाय. राजनंदिनी म्हणलं की वळायची. लेकराला बिननावाचं ठिवू का तुमच्यावरच्या रागापायी? पर ते तुमच्या तोंडावर येऊन सांगायला माझा मान आडवा येतो का न्हाय?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोरगी ते बोटानं पसरवत होती. मला उठून त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पण मांडीवर पोरगी होती आणि तिला खाली ठेवायची माझी तयारी नव्हती.

"काढते मी ही मागणी?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"काढा," लक्ष्मीबाई म्हणाली. "आन् त्या तडजोडीच्या कागदावर पोरीचं पुरं नाव लिवा. सांग गं हर्षाली त्यांना, दीर्घ कुठं ते."

बाईंनी नाव लिहिलं आणि सह्यांना कागद फिरवला. आईनं अंगठा दिला. लक्ष्मीबाईनं वळणदार अक्षरात सही केली, पेन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पाठ ताठ केली. तिनं पिशवीतून टोपडं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाहेर ऊन हाय," ती म्हणाली, अगदी हळू, आमच्या दोघींशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "पोरीचं डोकं झाक. आन् तूच घेऊन चल तिला."